दत्तक मांजराला बाहेरच्या जगाची ओळख कशी करून द्यावी

टिकली आमच्याकडे आली तेव्हा ती अंदाजे दीड वर्षाची होती आणि त्यापूर्वीचे तिचे जवळजवळ सगळे आयुष्य एका तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत गेले होते. अंगाने पांढरी आणि कपाळावर काळा ठिपका, म्हणून टिकली. आमचे घर पुण्यातील एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आहे. मागे शहाबादी फरशीचे छोटे अंगण, त्यात पेरूचे एक झाड, कपड्यांची दोरी आणि पार्किंगकडे उघडणारे लोखंडी फाटक. आठवडाभरातच ती मागच्या दाराच्या जाळीला नाक लावून बराच वेळ बसू लागली, आणि ज्यांनी ज्यांनी हे पाहिले त्यांनी एकच सल्ला दिला: "सोडा की तिला, मांजर आहे, येईल फिरून."

वाड्यात किंवा गावाकडच्या घरात जन्मलेल्या मांजराबाबत हा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर असतो, कारण कुठल्या भिंतीवरून कुठे उतरायचे, कोणाचा कुत्रा बांधलेला असतो आणि संकटात कुठे लपायचे, हे ते आईच्या मागे फिरत लहानपणीच शिकलेले असते. मोठ्या वयात दत्तक आलेल्या मांजराला यातले काहीच ठाऊक नसते आणि नव्या परिसरात त्याच्या स्वतःच्या वासाची एकही खूण नसते. बाहेर जाण्याची ओढ उपजत असते, परत येण्याची वाट मात्र नव्याने शिकावी लागते. म्हणून या लेखातील क्रम परत येण्यापासून सुरू होतो आणि दार बऱ्याच उशिरा उघडते. घाई केली नाही, तर या सगळ्याला साधारण दोन ते तीन महिने लागतात.

दवाखान्याची कामे आधी

लसीकरणाचा इतिहास माहीत नसलेल्या प्रौढ मांजराला ट्रायकॅट लसीच्या दोन मात्रा तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने आणि रेबीजची एक मात्रा देतात. पुढचे वेळापत्रक पशुवैद्य ठरवतात. ट्रायकॅट ज्या तीन रोगांपासून संरक्षण देते, त्यांपैकी पॅनल्युकोपेनिया, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी घटवणारा विषाणूजन्य रोग, हा सर्वांत घातक आहे. त्याचा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटींत कित्येक महिने टिकतो, चपलांबरोबर घरातही येतो, त्यामुळे आजारी मांजर समोर दिसले नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये. दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवडे जाईपर्यंत मांजराला अंगणातही नेऊ नये.

नसबंदी झाली आहे की नाही, हे दत्तक देणाऱ्यांना स्पष्ट विचारावे. एका कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असेल, तर ते रस्त्यावरून पकडून नसबंदी केलेल्या मांजराचे चिन्ह असते. जखमेने फाटलेला कान वाकडातिकडा असतो, एवढा फरक पाहता येतो. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत पिल्ले देते, म्हणून "एकदा होऊ द्या, मग करू" हा विचार बाहेर जाणाऱ्या मांजरीबाबत परवडत नाही. बोक्याची शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे काही आठवडे तो प्रजननक्षम असू शकतो, हे अनेकांना माहीत नसते. नसबंदी न झालेला बोका हद्दीसाठी भांडतो, आणि त्या चाव्यांतून गळवे तर होतातच, शिवाय मांजरांमधील रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारे विषाणूही पसरतात.

मायक्रोचिप बसवून घेणे चांगले. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असलेली ही नळी दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली बसवतात आणि यंत्र फिरवल्यावर तिच्यातील पंधरा अंकी क्रमांक वाचता येतो. मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही; मांजर कोणाचे आहे एवढेच सांगते, आणि तेही तुमचा मोबाइल क्रमांक त्या नोंदीत अद्ययावत असेल तरच. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी आवश्यक केली असून त्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र लागते. इतर शहरांतील पालकांनी आपल्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी करावी.

पहिले तीन-चार आठवडे घरातच

नव्या मांजराला पहिल्या दिवशी सगळे घर मोकळे करून देऊ नये. एक खोली, तिच्या एका कोपऱ्यात लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठीची मातीची पेटी), दुसऱ्या कोपऱ्यात खाणे-पाणी आणि लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके, एवढे पुरे. आमच्याकडे टिकली पहिले दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही आणि रात्री आम्ही झोपल्यावरच जेवली; हे अगदी सामान्य आहे. मात्र पूर्ण चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर दवाखान्यात फोन करावा, कारण उपाशी मांजराच्या यकृतावर कुत्र्यापेक्षा लवकर परिणाम होतो. दूध देण्याचा मोह टाळावा. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब झालेले मांजर नव्या जागी रुळायला आणखी वेळ घेते.

मांजर घराला सरावले की ते गाल आणि हनुवटी दाराच्या चौकटींना, खुर्च्यांच्या पायांना आणि तुमच्या पोटऱ्यांना घासू लागते. त्याच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात आणि हे घासणे म्हणजे घरावर आपल्या नावाची पाटी लावणे आहे. शेपूट उभी ठेवून चालणे, खोलीच्या मधोमध कुशीवर झोपणे आणि बेल वाजली की दडून बसण्याऐवजी कान टवकारून पाहणे, ही तीनही लक्षणे दिसू लागल्यावरच पुढची पायरी घ्यावी. काही मांजरांना त्यासाठी तीन आठवडे पुरतात. टिकलीला सात लागले.

हाक शिकवणे

या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तो पूर्णपणे घरात बसून होतो. एकच आवाज निवडावा आणि तो फक्त चांगल्या गोष्टीसाठी वापरावा. आम्ही स्टीलचा एक लहान डबा निवडला, ज्यात कोरड्या खाद्याचे दाणे असतात. डबा दोनदा खुळखुळवायचा, लगेच "टिक्-टिक्" अशी हाक मारायची आणि ती आली की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. पहिल्या आठवड्यात ती समोर असतानाच, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या खोलीतून, तिसऱ्यात ती खिडकीतले कबूतर पाहण्यात गुंग असताना. कबुतरावरची नजर काढून ती डब्याकडे वळली, त्या दिवशी आम्ही कॅलेंडरवर खूण केली.

ही हाक मारून मांजराला कधीही औषध पाजू नये, नखे कापू नयेत किंवा कॅरियरमध्ये, म्हणजे ने-आण करण्याच्या पेटीत, कोंबू नये. एकदा फसवले, तर पुढच्या दहा हाका वाया जातात. तसेच घरातील सर्वांनी एकच आवाज वापरावा. आमच्या सासूबाई तिला "ये गं बाई" म्हणत आणि ती त्यांच्याकडे शांतपणे पाहत बसे.

हार्नेस आणि दोरी

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून मांजराला बाहेर नेऊ नये. घाबरलेले मांजर उडी मारते आणि सगळा झटका गळ्यावर येतो. त्यासाठी छाती आणि मान दोन्हींभोवती बसणारा हार्नेस घ्यावा. खरेदीपूर्वी पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा. लहान जातीच्या कुत्र्यांसाठी विकला जाणारा हार्नेस मांजराच्या निमुळत्या खांद्यांवरून सटकतो. हार्नेस घातल्यावर त्याखाली एक बोट सहज आणि दोन बोटे जेमतेम जायला हवीत. दोरी दोन ते अडीच मीटरची साधी असावी. ओढली की लांबणारी आणि बटण दाबले की गुंडाळली जाणारी दोरी टाळावी, कारण तिची जड मूठ हातातून पडली तर ती फरशीवर खडखडत मांजराच्या मागे धावते, आणि मग ते मांजर कुठवर पळेल याचा नेम नाही.

हार्नेस पहिले तीन-चार दिवस जेवणाच्या वाटीजवळ नुसता पडू द्यावा. मग पाठीवर ठेवून खाऊ द्यावा, मग बकल लावून एक मिनिट, दुसऱ्या दिवशी तीन, असे वाढवावे. बकलचा "टक्" आवाज कानाजवळ होतो आणि अनेक मांजरे त्यालाच दचकतात, म्हणून तो आवाज आधी दूरवर करून दाखवावा. पहिल्यांदा हार्नेस घातल्यावर बहुतेक मांजरे जमिनीला चिकटून, मागचे पाय ओढत चालतात किंवा आडवी पडतात. पाठीवर काहीतरी बसले आहे अशी त्यांची समजूत होते. हसू येते, पण उचलू नये. समोर खाऊ किंवा पिसाचे खेळणे फिरवले की दोन-तीन दिवसांत ती विसरतात. घरात दोरीसह पंधरा मिनिटे सहज चालू लागेपर्यंत दार उघडू नये.

उंबरा

पहिल्या दिवशी दार उघडून तुम्ही काहीच करायचे नाही, आणि हेच सर्वांत अवघड जाते. वेळ शांत निवडावी. आमच्यासाठी ती सकाळी सहा-सव्वासहाची होती, म्हणजे शाळेच्या रिक्षा आणि गाड्या धुणारे येण्यापूर्वीची. मांजराला जेवणापूर्वी न्यावे, म्हणजे त्याला परतण्याचे कारण राहते. त्याला उचलून बाहेर ठेवू नये. चालत गेलेल्या मांजराला मागे फिरण्याची वाट ठाऊक असते. उचलून नेलेल्याला ती नसते.

टिकली पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवून अकरा मिनिटे बसली. नाकपुड्या सतत हलत होत्या, एक कान पार्किंगकडे आणि दुसरा माझ्याकडे वळलेला होता. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला साठ हजारांच्याही पुढचे. त्यामुळे आपल्याला शांत वाटणाऱ्या पहाटे तिला नालीतल्या चिचुंद्रीपासून मीटरच्या गुणगुणीपर्यंत सगळे एकदम ऐकू येत असणार. मग वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली आपटली आणि ती मागच्या मागे स्वयंपाकघरात, थेट गॅस सिलिंडरच्या मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबरा. चौथ्या दिवशी एक फरशी पुढे. दार मात्र प्रत्येक वेळी उघडेच ठेवावे, कारण माघारीची वाट मोकळी आहे हे दिसत राहिले तरच मांजर पुढे सरकते.

शेपूट पोटाशी घेतलेली, कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या बाहुल्या भर उजेडात मोठ्या झालेल्या दिसल्या, की त्या दिवसापुरते थांबावे. अशा वेळी मांजराला हाताने धरू नये. घाबरलेले मांजर मालकालाही ओरबाडते. जवळ जाड पंचा ठेवावा आणि गरज पडल्यास त्यात गुंडाळून आत न्यावे.

अंगणातील अर्धा तास

उंबरा ओलांडल्यावर मांजराला पुढे जाऊ द्यावे आणि आपण दोरी सैल धरून मागे राहावे. कुत्र्यासारखे फिरायला नेणे हे इथे होत नाही. मांजर पाच पावले चालते, कुंडीजवळ चार मिनिटे वास घेत उभे राहते, मग काहीही कारण नसताना बसते. वेळ रोज पाच मिनिटांनी वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यावा. अंगणाच्या एका कोपऱ्यात उघडे कॅरियर आत जुनी चादर घालून ठेवावे, म्हणजे अचानक कुत्रा आला तर शिरायला ओळखीची जागा असते. आणि दोरी झाडाला बांधून चहा आणायला आत जाऊ नये. भिंतीवरून पलीकडे उडी मारलेले मांजर त्याच दोरीला लटकू शकते.

अंगण आधी स्वतः गुडघ्यांवर बसून, मांजराच्या उंचीवरून तपासावे. उंदरांसाठी ठेवलेले विषाचे खडे, फुटलेल्या काचा, गाडीखाली सांडलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा विषारी द्रव) ही पहिली साफसफाई. सोसायटीत कीटकनाशकाची फवारणी कधी होते हे सूचनाफलकावर पाहून ते दोन-तीन दिवस बाहेर जाणे बंद ठेवावे.

झाडांबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या कुंड्यांत विषारी वनस्पती सर्रास असतात. पुष्पगुच्छांत येणारी खरी लिली ही मांजरासाठी सर्वांत वाईट. तिचे पान चावले, फूल खाल्ले किंवा अंगावर सांडलेले परागकण चाटले तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सायकस, म्हणजे बंगल्यांच्या दारात दोन्ही बाजूंना लावतात ते काटेरी पामसारखे झाड, यकृताला घातक असते. कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करतो. मनी प्लांट आणि डायफेनबाकिया जिवावर उठत नाहीत, पण तोंडात आग होऊन लाळ गळते. त्याऐवजी एका पसरट कुंडीत गहू पेरावेत. आठ-दहा दिवसांत उगवलेले गव्हाचे कोंब मांजर आवडीने चावते आणि इतर कुंड्यांकडे थोडे दुर्लक्ष करते.

पार्किंगजवळ राहणाऱ्यांनी एक सवय शेजाऱ्यांनाही लावावी. थंडीत आणि पावसात मांजरे नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या इंजिनाजवळ उबेला शिरतात, म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

अंगणच नसेल तर

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी बाल्कनी हेच बाहेरचे जग असते, आणि ते सुरक्षित करता येते. मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते आणि त्याला काही होत नाही, या समजुतीला १९८७ साली न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींचा आधार दिला जातो; उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांपैकी सुमारे ९० टक्के त्यात वाचली होती. पण ती सगळी दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरे होती. जी जागीच गेली, ती त्या आकड्यात नाहीत, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांची छाती, जबडा किंवा पाय मोडलेले होते.

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकते. एक इंची चौकोनांची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची, जाळी चौकटीत घट्ट बसवून घेणे महाग पडते, पण टिकते. इन्व्हिजिबल ग्रिल, म्हणजे बारीक पोलादी तारांची जाळी, लावणार असाल तर तारांमधील अंतर मोजून घ्यावे. मांजराचे डोके जिथून जाते तिथून उरलेले मांजरही बहुधा जाते. आत एक चढण्याची फळी, गव्हाची कुंडी आणि सावली दिली, तर अनेक मांजरे आयुष्यभर याहून जास्त काही मागत नाहीत.

घरात परतल्यावर

प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे हात फिरवून तपासणी करावी. कानांच्या कडा, हनुवटीखाली, काखा आणि बोटांच्या बेचक्या या गोचिडांच्या आवडत्या जागा आहेत. केसांच्या मुळाशी मिरपुडीसारखे काळे कण दिसले तर ते ओल्या टिश्यूवर ठेवावेत. ते विरघळून लालसर झाले तर पिसवा आहेत. मानेवर टाकायचे थेंब पशुवैद्यांना विचारून केवळ मांजरासाठीचेच आणावेत. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजराला मारक ठरते. घरातल्या औषधांबाबतही तेच. लंगडणाऱ्या मांजराला "थोडीशी क्रोसिन" दिल्याने ते दगावू शकते. तिच्यातील पॅरासिटामॉलची पाव गोळीदेखील मांजराला झेपत नाही. जंताचे औषध बाहेर जाणाऱ्या मांजराला साधारणपणे दर तीन महिन्यांनी देतात.

बाहेरच्या मांजराने किंवा कुत्र्याने चावा घेतला असेल, तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात न्यावे. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरचे छिद्र दोन दिवसांत मिटते आणि आत पू साठतो. तुम्हाला स्वतःला अनोळखी मांजराचा पंजा किंवा दात लागला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद भरून वाट पाहू नये.

ऊन, पाऊस आणि सण

उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी सहापूर्वी अंगण बंद. तळहाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या फरशीवर मांजराचे पंजेही ठेवू नयेत. तोंड उघडून धापा टाकणे हे कुत्र्यात नेहमीचे असले तरी मांजरात धोक्याचे लक्षण आहे; ओल्या फडक्याने अंग पुसत लगेच दवाखाना गाठावा. पांढऱ्या कानांच्या मांजरांना कानाच्या टोकांवर उन्हामुळे कर्करोग होऊ शकतो, म्हणून टिकलीसारख्यांनी कोवळ्या उन्हावरच समाधान मानलेले बरे.

पावसाळ्यात खरबरीत कातडीचे भेक बाहेर पडतात. मांजराने त्याला तोंडात धरले की तोंडातून फेस येऊ लागतो. ओल्या कापडाने हिरड्या आणि जीभ पुसून काढावी आणि फेस थांबला नाही किंवा झटके आले तर डॉक्टरकडे न्यावे. साप हा याहून गंभीर विषय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात सापडतात आणि मांजर वळवळणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पंजा मारते. दंशाची शंका आली तर जखम चिरणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता दवाखान्यात फोन करून प्रतिविष उपलब्ध आहे का हे विचारत निघावे. साप अंगणात असेल तर सर्पमित्राला बोलवावे, मांजराला सोडून त्याचा बंदोबस्त होईल अशी आशा धरू नये.

संक्रांतीच्या आसपास मांजा झाडांत आणि गवतात अडकलेला असतो. फेरीपूर्वी तो शोधून गोळा करावा. दिवाळीचे चार दिवस बाहेर जाणे पूर्ण बंद ठेवावे आणि आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा चालू ठेवावा.

शेजारी आणि पक्षी

बाहेर जाणाऱ्या मांजरालाही घरातला लिटर बॉक्स कायम ठेवावा, अन्यथा ते शेजाऱ्यांच्या कुंड्या निवडते आणि पुढचे भांडण आपण ओढवून घेतलेले असते. शेजारी कोणी गरोदर असेल तर तिची काळजी रास्त आहे; मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला अपाय करू शकणारा परजीवी पसरू शकतो, पण ती विष्ठा संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून लिटर रोज साफ करावे आणि मातीत हात घालताना हातमोजे वापरावेत. उलट, कोणी मांजराला विष घालण्याची भाषा केली, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ यांखाली तो गुन्हा आहे हे शांतपणे सांगावे. आमच्याकडे ती वेळ एकदा आली आणि लेखी अर्जापेक्षा दोनदा जाऊन घेतलेल्या चहाचा जास्त उपयोग झाला.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. बांधून उपयोग होतो का, हे मात्र अलीकडे तपासले गेले. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ३५५ मांजरांच्या निरीक्षणावरून असे मांडले, की घंटेमुळे घरी आणलेल्या शिकारीत उल्लेखनीय फरक पडला नाही; भरपूर मांस आणि धान्यविरहित खाद्य दिल्यावर ती ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटे शिकारीसारखा खेळ खेळल्याने २५ टक्क्यांनी घटली. आम्ही घंटा काढली आणि रोज संध्याकाळी पिसाची काठी फिरवतो. पेरूवर बुलबुलाचे घरटे असते त्या आठवड्यांत मात्र टिकली घरातच राहते, तिची नाराजी सहन करून.

मांजराला दोरीविना मोकळे सोडावे का, असा प्रश्न यानंतर येतोच. शहरात माझे उत्तर नाही असे आहे. वाहने, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आणि विषाचे खडे यांपुढे हाकेची सवय अपुरी पडते. गावाकडे, रस्त्यापासून दूर घर असेल तर दिवसा, जेवणापूर्वी, सुरुवातीला पंधरा मिनिटे आणि अंधारापूर्वी आत, एवढ्या अटींवर विचार करता येईल. जुन्नरसारख्या बिबट्यांच्या पट्ट्यात रात्रीचा प्रश्नच उद्भवत नाही.

निसटले तर

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्याकडे हे घडले. गणपती जवळ आले होते, शेजारच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू होतो हे मला ठाऊक होते, तरी मी वेळ चुकवली. पहिला ठोका पडताच टिकली मागच्या मागे सरकली, दोरी ताणली गेली आणि रिकामा हार्नेस माझ्या हातात राहिला. मांजर मागे सरकते तेव्हा खांदे आवळून घेते, आणि पुढून ओढणारी दोरी हार्नेस उपसून काढायला त्याला मदतच करते. अशा वेळी ओढण्याऐवजी दोरी सैल सोडून मांजराच्या दिशेने पुढे वाकायला हवे होते.

त्यानंतर दोन तास आम्ही तिचे नाव घेत चार गल्ल्या पालथ्या घातल्या आणि तो वेळ वाया गेला. घाबरलेले घरातले मांजर सहसा लांब जात नाही; ते पहिल्या अडचणीच्या जागेत शिरते आणि मालकाची हाक ऐकू आली तरी आवाज करत नाही. म्हणून आधी स्वतःच्या दारापासून दोन-तीन इमारतींचा परिसर, तोही जमिनीलगत, तपासावा: जिन्याखाली, गाड्यांखाली, पाण्याच्या टाकीमागे, मीटरच्या खोलीत, अडगळीत. रहदारी थांबल्यावर, रात्री अकरानंतर, टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून फिरवावा, म्हणजे मांजराचे डोळे हिरवट चमकतात. वॉचमन, दूधवाले आणि कचरा नेणाऱ्या ताईंना फोटो दाखवावा. त्यांच्याइतके कोपरे कोणाला माहीत नसतात. घराचे दार किलकिले ठेवून एक जण आत शांत बसावा. मांजर दिसले तरी धावत जाऊ नये.

टिकली आमच्याच जिन्याखाली, पाण्याच्या मोटरीमागे होती. रात्री साडेबाराला टॉर्चमध्ये दोन ठिपके चमकले. ती बाहेर येईना. मी मागच्या पायरीवर बसलो, डबा दोनदा खुळखुळवला आणि गप्प राहिलो. दहा-बारा मिनिटांनी ती भिंतीच्या कडेने, पोट जमिनीला टेकवत आली, माझ्याकडे न पाहता आत गेली आणि थेट सिलिंडरच्या मागे. दुसऱ्या दिवशी हार्नेस एका छिद्राने घट्ट केला आणि सगळा क्रम पुन्हा उंबऱ्यापासून सुरू केला. या वेळी तिला तिथे अकराऐवजी चार मिनिटे लागली.